बोरकुटे गुरुजींचे ओठ

आमच्या गावच्या शाळेतले बोरकुटे गुरुजी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत. आपण "गुरुजी, उद्या नंदिनीला जरा..." एवढं म्हणावं, तर ते "उशीर होईल, येऊ द्या" म्हणून मोकळे. दहातल्या आठ वेळा त्यांचं बरोबर निघतं. उरलेल्या दोन वेळा आपल्याला काय सांगायचं होतं तेच आपण विसरून जातो. त्यांच्या बायकोनं, कमळाबाईंनी, एकदा चहा देता देता मला सांगितलं, "लग्नाले एकोणतीस वर्षं झाली मंजुषाबाई, एकबी वाक्य मी शेवटपर्यंत नाई नेलं. मी निस्तं सुरू करून देते. बाकीचं..."

"बाकीचं मी बोलतो," आतल्या खोलीतून गुरुजी म्हणाले.

"पाहा," कमळाबाई म्हणाल्या.

हा उद्धटपणा नाही, जुन्या कामाची सवय आहे. लटारू बोरकुटे मास्तर व्हायच्या आधी नाटकात प्रॉम्प्टर होते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडईची जत्रा भरते, शंकरपटात बैलांच्या शर्यती होतात, आणि त्या निमित्तानं गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. नट आज सावली गावाकडे तर उद्या कुरखेड्याच्या पलीकडे. तालमीला वेळ कोणाला असतो? सगळा भार प्रॉम्प्टरवर. मंचासमोर खड्डा खणलेला असतो, त्यात तो वही आणि एक बल्ब घेऊन बसतो आणि प्रत्येक वाक्य नटापर्यंत पोचवतो. पहिल्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलं तर तो प्रॉम्प्टर कच्चा. गुरुजी एकोणिसाव्या वर्षी वडशाच्या एका कंपनीत लागले आणि सहा हिवाळे खड्ड्यात बसले. ते सांगतात, एका नटाला पहिला शब्द पुरायचा, दुसऱ्याला अख्खं वाक्य लागायचं, आणि एक बाई अशा होत्या की नुसते ओठ हलवले तरी त्या दीड मिनिटाचं भाषण बोलून टाकायच्या. "तिकडं टाळ्या पडत, इकडं माझ्या पायाले डास चावत," एवढंच त्यांचं त्या कामाबद्दलचं म्हणणं.

मग डी.एड. झालं आणि धानोरा तालुक्यातल्या एका जंगलातल्या शाळेवर नेमणूक झाली. पोरं घरी गोंडी बोलायची आणि पुस्तकातलं मराठी त्यांना परक्या गावच्या पाहुण्यासारखं वाटायचं. गुरुजींनी पहिल्या काही पगारांतून टेपरेकॉर्डर घेतला. पोरांनी गोंडीत सांगितलेल्या गोष्टी ते त्यात भरत आणि ऐकवत. त्या शाळेत पोचू नावाचा मुलगा होता, वर्गात तोंड उघडायचा नाही. त्यानं स्वतःचा आवाज ऐकला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाला, असा नाही मी बोलत, पुन्हा घ्या. पुन्हा घेतलं. तेही पसंत पडलं नाही. सेल संपेपर्यंत त्यानं ती गोष्ट सतरा वेळा सांगितली. गुरुजी म्हणतात, यंत्राचा असा उपयोग होईल हे त्यांना कोणत्याच प्रशिक्षणात कळलं नव्हतं.

पुढे शाळेत संगणक आला, पण वीज आली नाही. खोका कपाटावर ठेवून वरून चादर घालायचा आदेश होता. गुरुजींनी त्यातला फक्त कीबोर्ड काढला आणि पोरांना त्यावर अक्षरं शोधायचा खेळ लावला. चार वर्षांनी वीज आली तेव्हा पोरांची बोटं तयार होती आणि संगणक बिघडला होता. टाळेबंदीच्या आधीच ते बदली होऊन आमच्या गावात आले होते. गणपती मंडळाचा भोंगा मोटारसायकलला बांधून ते टोल्याटोल्यानं, वस्तीवस्तीतून पाढे म्हणत फिरायचे. तेव्हा नंदिनी जेमतेम तीन वर्षांची होती. पाळण्याच्या दोरीला धरून ती त्यांच्यामागे "बे चोक आठ" म्हणायची. लोक म्हणाले, पोरगी हुशार निघणार. मीही तेच म्हणाले.

आमचं गाव सिंदेवाहीपासून अकरा किलोमीटरवर, जंगलाला लागून. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोनच, बोरकुटे गुरुजी आणि नूतन मॅडम. माझा नवरा प्रफुल सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात शेतावरच्या कामावर आहे. मी मराठी घेऊन बी.ए. केलं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण माझी मुलगी तिसरीत गेली तरी तिला वाचता येत नव्हतं, आणि माझ्या बी.ए.ची मला तेव्हा जितकी लाज वाटली तितकी कधी कशाची वाटली नाही.

तिला अक्षरं येत होती. क दाखवला की क म्हणायची. पण शब्द जोडायला गेलं की ती माझ्या तोंडाकडे बघायची. ऐकलेलं मात्र एका वेळेत पाठ. विहारातली वंदना, दुकानातल्या जाहिराती, बसमधल्या कंडक्टरचं बोलणं, सगळं. त्यामुळे पहिली-दुसरीत कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी ते दोन वर्षं मनात दाबून ठेवलं.

प्रफुलची बहीण रीता चंद्रपूरला असते. तिचा मुलगा इंग्रजी शाळेत जातो. जून महिन्यात तिचा फोन आला. "वहिनी, तिले माझ्याकडं ठेवा. इथी शाळा चांगली, शिकवणी दारात. पोरीचं आयुष्य तिथी जंगलात काऊन वाया घालवता?" रीता वाईट नाही. तिच्या मनात खरंच माया आहे. प्रफुललाही ते पटत चाललं होतं. तो म्हणाला, "यंदा पाहू. नाई जमलं तं पुढल्या जूनमध्ये धाडू." आठ वर्षांची मुलगी दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या ताटात. ती झोपेत अजून माझ्या पदराचं टोक धरते. त्या दिवसापासून मी कॅलेंडरवर पुढच्या जूनपर्यंतचे महिने मोजू लागले.

त्याच महिन्यात शाळेला नवं काम आलं. दर महिन्याला प्रत्येक मुलाचं वाचन मोबाईलवर चित्रित करायचं आणि ॲपवर चढवायचं. मिनिटात किती शब्द वाचले, किती चुकले, त्यावर ॲप मुलाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देतं. नूतन मॅडमचा हात अशा कामात चांगला. गावातल्या बुरडाच्या घरून गुरुजींनी मोबाईल ठेवायला बांबूची तिपाई करून घेतली. शाळेत नेटवर्क नाही, म्हणून संध्याकाळी गुरुजी तलावाच्या पारीवर, उंच बांधावर जाऊन हात उंच करून उभे राहायचे. कपडे धुणाऱ्या बाया म्हणायच्या, "गुरुजी, आमचा व्हिडिओ नका चढवजा बापा!" गुरुजी म्हणायचे, "तुम्ही सगळ्या लाल रंगातच आहा, चढवून काय करू?"

ऑगस्टमध्ये पालकांच्या ग्रुपवर नंदिनीचा व्हिडिओ आला. सुगरण पक्ष्यावरचा उतारा होता. माझी मुलगी हातात कागद धरून उभी होती आणि वाचत होती. अडखळली नाही. "सुगरण आपले घरटे बाभळीच्या फांदीला विणते," पूर्ण वाक्य, मग छोटा श्वास, मग पुढचं वाक्य. हिरवा रंग.

मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते सांगत नाही. माहेरी पाठवला, रीताला पाठवला, कॉलेजच्या मैत्रिणींना पाठवला. रीतानं चार फुलं पाठवली आणि लिहिलं, "मंग तं प्रश्नच मिटला." प्रफुलनं त्याच्या केंद्रात चहाच्या वेळी सगळ्यांना दाखवला. आमच्याच नाही, इतर घरांतही असंच चाललं होतं. तिसरीच्या अकरा मुलांपैकी नऊ हिरवी होती. आसपासच्या बारा शाळा बघणारे केंद्रप्रमुख गुणवंतराव मुद्दाम शाळेत आले, आणि सप्टेंबरच्या शिक्षण परिषदेत तंत्रज्ञानाच्या वापरावर बोरकुटे गुरुजींनी बोलायचं असं ठरवून गेले.

वर्षावासाचे दिवस होते. या दिवसांत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. अश्वजित नावाचा कॉलेजातला मुलगा वाचतो आणि बाकीचे ऐकतात. मीच त्याला व्हिडिओ दाखवला आणि मीच म्हणाले की रविवारी नंदिनीला दोन ओळी वाचू दे. हे माझंच काम. तिला कोणी विचारलं नव्हतं.

रविवारी पांढरा फ्रॉक घालून ती उभी राहिली. अश्वजितनं ग्रंथ तिच्यासमोर धरला, ओळीवर बोट ठेवलं. नंदिनीनं ओळीकडे पाहिलंच नाही. ती डावीकडे खाली, सतरंजीकडे पाहत राहिली. तिथे कोणी नव्हतं. ती शांत होती, घाबरलेली नव्हती. बस यायची असते तेव्हा माणूस जसा रस्त्याकडे बघत उभा असतो, तशी ती उभी होती.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गिरजाबाई मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वाच ना वो माय, काय बसून राह्यली का तुई गाडी?" दोन-तीन पोरं हसली. नंदिनीनं माझ्याकडे मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आई, गुरुजी कुठी आहेत? ते नाई आले काय?"

घरी येताना मी तिला रागावले नाही. मला रागावायला सुचलंच नाही. चुलीपाशी बसून ती भात खात होती, तेव्हा मी विचारलं, "वाचायला गुरुजी कशाला पायजे बेटा?"

"ते देतात नं," ती म्हणाली.

"काय देतात?"

"वाक्य. ते देतात, मंग आपण म्हणतो." तिनं भाताचा घास तसाच हातात धरला. "असंच असते नं वाचणं?"

मी प्रफुलचा इअरफोन कानात घातला आणि आवाज पूर्ण वाढवून तो व्हिडिओ पुन्हा लावला. आता तिचे डोळे दिसले. ते कागदावर नव्हते, डावीकडे खाली होते. आणि तिच्या प्रत्येक वाक्याच्या अर्धा श्वास आधी, पार तळाशी, दुसरा आवाज होता. सुगरण आपले घरटे. पानांवरून वारा गेल्यासारखा, पण शब्द न् शब्द स्पष्ट.

माझा राग तेव्हा आला. मला वाटलं, शाळेचं नाव व्हावं म्हणून या माणसानं माझ्या मुलीला फसवलं. प्रफुल म्हणाला, "उद्या मी येतो संग." मी म्हणाले, "नको, मी एकटीच जाते. तू आला तं भांडण होईन."

"अन् तू गेली तं?"

"भांडणच होईन. पण बाईमाणूस म्हणून ते गप ऐकून घेतील."

सोमवारी मधल्या सुट्टीत मी शाळेत गेले. गुरुजी पोरांच्या ताटांत खिचडी वाढत होते. मी म्हणाले, "गुरुजी, तुम्ही नंदिनीच्या व्हिडिओत..." आणि नेहमीच्या सवयीनं थांबले. ते पुढचं बोलले नाहीत. त्यांना काहीच अंदाज नव्हता. मी इअरफोन पुढे केला.

त्यांनी तो कानात घालून ऐकलं. एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं. हातातला खिचडीचा डाव तसाच होता, त्यातून पातळ खिचडी ठिबकत होती. मग ते ओट्यावर बसले.

"हा माझा आवाज हाय," ते म्हणाले.

"मग?"

"मले मालूमच नाई बाई. आईची शपथ, मले मालूम नाई. मी मोबाईलच्या बाजूले खाली बसलो होतो, तिले धीर वाटावा म्हणून. ती अडली असन, अन् माझं तोंड..." वाक्य त्यांनाच पुरं करता आलं नाही. ते मीही पुरं केलं नाही.

नूतन मॅडमनं बाकीचे व्हिडिओ काढले. एकेक ऐकला. नऊ हिरव्यांपैकी सातांत तो आवाज होता. प्रत्येक मुलासाठी वेगळा. एकाला पहिला शब्द, दुसरीला अर्धं वाक्य, नंदिनीला सगळंच. तीस वर्षांपूर्वीचा खड्डा त्यांच्या तोंडात जसाच्या तसा शाबूत होता, आणि मोबाईलसकट कोणालाही कळलं नव्हतं. मुलांनाही त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं.

नूतन मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, हे डिलीट करू. नवीन घेऊ. परिषद आठ दिवसांवर आहे. कोणाला कळणार नाही."

"नंदिनीनं विहारात मले शोधलं ना?" गुरुजी म्हणाले. "तिले काय सांगू?"

माझ्याकडे वळून ते म्हणाले, "बाई, पोरीले चंद्रपूरले धाडायचं चाललं म्हणून कमळानं सांगितलं होतं. दिवाळीपर्यंत थांबता का? मी काई गॅरंटी नाई देत. फक्त थांबा." मी भांडायला गेले होते. मी हो म्हणून परत आले.

परिषदेतलं मला नूतन मॅडमनी सांगितलं. गुरुजींनी पडद्यावर नंदिनीचा चेहरा न दाखवता फक्त आवाज लावला, मोठ्या स्पीकरवर. सगळ्यांनी वाहवा केली. मग त्यांनी खालचा आवाज ऐकायला सांगितला आणि तो कोणाचा आहे ते सांगितलं. एकच हशा पिकला. गुणवंतराव म्हणाले, "बोरकुटे, नाटकाचा धंदा शाळेत आणला काय तुम्ही? आता तिकीट लावा." गुरुजींनी हशा संपू दिला. मग ते जे बोलले ते मॅडमनी वहीत उतरवून घेतलं होतं, म्हणून मला जसंच्या तसं देता येतं.

"यंत्राले दोष नाई. टेप होता तेव्हाबी नव्हता, आजबी नाई. माझ्या पोरांनी समुद्र भिंतीवरच्या टीव्हीत पाह्यला, मी तं त्यांना नेऊ नसतो शकलो. पण फोन लेकराचं तोंड पाहते, लेकरू कुठी पाहून राह्यलं ते नाई पाहत. ते आपण पाहायचं. मी नाई पाह्यलं. मले हिरवा रंग पायजे होता असं मी म्हणणार नाई, पण मले पोरगी अडलेली पाहवत नाई. आपल्यातल्या कित्येकाइले नाई पाहवत. आपण घाई करतो. पोरगं 'क'वर थांबलं का आपण 'मळ' जोडून देतो अन् म्हणतो, याले कमळ येते. त्या थांबण्यातच तं ते शिकून राह्यलं असते. फोन आला म्हणून हे उघडं पडलं, नाईतर मी असाच रिटायर झालो असतो."

मग त्यांनी सगळे व्हिडिओ मागे घेतले. नवे घेताना ते शाळेबाहेर हापशाजवळ जाऊन उभे राहिले आणि मॅडमनी एकटीनं घेतले. नऊ हिरव्यांतली सात उतरली, नंदिनी लाल झाली. बारा शाळांच्या यादीत आमची शाळा अकराव्या नंबरावर गेली. ग्रुपवर पालकांनी बरंच काही लिहिलं. दोघांनी तर लिहिलं की गुरुजींची बदली करा. मीही काही लिहायला घेतलं होतं, पुसून टाकलं.

शाळा सुटल्यावर गुरुजींनी नाटक सुरू केलं. स्वतः लिहिलेलं, मोठ्या अक्षरात, आधी साधे शब्द, पुढच्या पानांवर जोडाक्षरं. त्यात एक विसरभोळा वनरक्षक होता. तो जंगलात वाघासमोर येतो आणि काय बोलायचं तेच विसरतो. वनरक्षक गुरुजी, वाघ चौथीतला मिथुन. आणि लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात वही घेऊन नंदिनी.

"आता मी नट," त्यांनी तिला सांगितलं. "मले काईच नाई येत. मी अडलो का तू देजो."

"कुठून देऊ?"

"वहीतून. दुसरीकडं कुठंच नाई ते."

मी कुंपणापलीकडे उभी राहून पाहायची. पहिल्या दिवशी वनरक्षक वाघासमोर हात वर करून उभा राहिला. नंदिनी वहीकडे बघत होती. एक मिनिट गेलं. मिथुन कंटाळून शेपटी खाजवू लागला. गुरुजींचे ओठ घट्ट मिटलेले, मानेची शीर फुगलेली. मला वाटलं, आता बोलतील. नाही बोलले. खिडकीतून गिरजाबाई ओरडल्या, "ओ गुरुजी, वाघ उपाशी मरते ना जी! खाऊन टाक रे पोरा त्याले!" सगळे हसले. हसता हसता नंदिनीचं बोट ओळीवरच होतं. दोन मिनिटं झाली असतील. मग तिचे ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही. गुरुजींना आलं. त्यांनी हात खाली केले आणि वाघाला म्हणाले, "दादा, वाट दे."

तीन शब्द. घरी येईपर्यंत मला रस्ता नीट दिसत नव्हता.

रोज असं चाललं. काही दिवस ती एकही ओळ देऊ शकायची नाही आणि वनरक्षक तसाच उभा राहायचा. एकदा ती वही फेकून रडली. गुरुजींनी वही उचलून वाळू झटकली आणि पुन्हा हात वर केले. कमळाबाई मला म्हणाल्या, "घरीबी बदल झाला वो. काल मी अख्खं वाक्य बोलले. शेवट काय करावा तेच समजेना मले." नूतन मॅडम खड्ड्यात टॅबलेट ठेवायच्या, फक्त तिचा आवाज घ्यायला. नंतर तो तिचा तिला ऐकवायच्या. कधी ती म्हणायची, इथी मी चुकली. कधी काहीच म्हणायची नाही. ते रेकॉर्डिंग कुठेच चढवलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत रीता आली. तिनं विषय काढलाच. "वहिनी, जानेवारीत प्रवेश सुरू होतात. मी शाळेत बोलून ठेवलं." प्रफुलनं पिशवीतून केंद्रातलं शेतकऱ्यांसाठी छापलेलं किडींवरचं पत्रक काढलं आणि नंदिनीपुढे ठेवलं. ते तिनं कधी पाहिलं नव्हतं, कोणी वाचून दाखवलं नव्हतं. तो म्हणाला, "वाच माय. जेवढं येते तेवढं."

ती ओट्यावर मांडी घालून बसली. बोट ठेवलं. "धा...ना...वरील. धानावरील. तु...ड...तुड...तुडे." श्वास. "तुडतुडे." रीता पुढे झुकली. पुढचा शब्द होता व्यवस्थापन. नंदिनी थांबली. अंगणात कोंबडी पायानं माती उकरत होती, तेवढाच आवाज. ती थांबलेलीच होती. मग तिनं वर पाहिलं, सरळ माझ्याकडे.

"आई, तू तोंड नको हलवू ना."

रीता खो खो हसली. "वहिनी, तुम्हीबी नाटक कंपनीतल्याच निघाल्या!" प्रफुलही हसला. मला खरंच माहीत नव्हतं. मी ओठांना हात लावला तर ते "व्य" वर होते. इतके दिवस कुंपणापलीकडे उभी राहून मी काय करत होते, तेही मला तेव्हा समजलं.

मी उठले, माठातून पेला भरला आणि पाण्याचा मोठा घोट तोंडात धरून परत येऊन बसले. गाल फुगले होते. रीता पुन्हा हसायला लागली, पण नंदिनी हसली नाही. तिनं माझ्या फुगलेल्या तोंडाकडे नीट बघून खात्री करून घेतली आणि बोट पुन्हा शब्दावर ठेवलं.

"व्य," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. "व्यव." पुन्हा काही नाही. पाणी कोमट झालं, नाकात शिरेल असं वाटलं. "स्था. व्यवस्था." आता ती घाई करत नव्हती, आणि कोणी तिला करूही देत नव्हतं. "व्यवस्थापन."

रीताचं हसू थांबलं होतं. प्रफुलनं पत्रकाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "पुढल्या जूनमध्ये ती चौथीत इथीच बसन," तो म्हणाला. "त्याच्या पुढचं पाचवीत पाहू." आणि मी काही बोलावं म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मला बोलता येत नव्हतं. मी नुसती मान हलवली. नंदिनीनं बोट खालच्या ओळीवर नेलं.